सोनाराने दोरा गुंडाळला

आमच्या ह्यांच्या दुकानात दागिने घ्यायला येणारे कमी आणि बोटात अडकलेली अंगठी काढून घ्यायला येणारे जास्त. बोट सुजलेलं, अंगठी मांसात रुतलेली, माणूस रडकुंडीला आलेला. हे त्याला स्टुलावर बसवणार, बोटाला साबण चोळणार, रेशमी दोऱ्याचं टोक अंगठीखालून सरकवून पुढचं बोट घट्ट गुंडाळणार आणि मग दोरा उलटा सोडत सोडत अंगठी बाहेर. सगळा बाजार ह्यांना दोरेवाले सोनार म्हणतो. हातात कला आहे, नाही म्हणणार नाही. पण स्वभाव? हट्टी एक नंबरचे, आणि लाजरे इतके की दोन मुलींची लग्नं झाली तरी स्वतःची चड्डी दोरीवर वाळत घालताना वरून टॉवेल टाकतात.

शुगर निघाली तेव्हापासून ह्यांना खाली खाज, आग, कातडीला चिरा. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, रोज लिंगाची पुढची कातडी मागे घेऊन धुवायचं. त्यापुढे काय सांगितलं ते ह्यांनी ऐकलंच नाही, कारण तोवर साहेब लाजून दाराबाहेर पडले होते! एका सकाळी धुतलं, कातडी मागेच राहिली, तशीच पँट चढवून दुकानात. दिवसभर बैठक. संध्याकाळी आले ते पाय फाकवून. मी विचारलं तर म्हणे, "कंबर धरलीय." आणि मी मूर्ख, कंबरेला शेक देत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला म्हणून आत गेले ते बाहेरच येईनात. नळाचा आवाज नाही, तांब्याचा नाही. नुसतं कण्हणं. मी दारावर थाप मारली.

"अहो! काय होतंय? दार उघडा."

"तू जा. चहा टाक."

चहा टाक म्हणे! तो आवाज ह्यांचा नव्हताच, पार चिरकलेला. मग मीही आवाज चढवला. "उघडता, की समोरच्या सुताराला बोलावून फोडू? मग काय असेल ते त्यालाही दाखवा!"

कडी निघाली. घामाने निथळत भिंतीला टेकून उभे होते. टॉवेल बाजूला केला आणि मी पदर तोंडात कोंबला. टोक फुगून जांभळं झालेलं, त्याच्या मागे कातडीचं जाडजूड कडं आवळून बसलेलं, आणि त्या सगळ्यावर ह्यांचा तो रेशमी दोरा! सूज दोऱ्यावर चढली होती, दोऱ्याचं टोक कुठे दिसेना.

"अंगठीसारखं सुटेल वाटलं गं," म्हणाले. "उलट जास्तच सुजलं. लघवीसुद्धा होत नाहीये."

"काय म्हणावं तुम्हाला! काल का नाही बोललात?"

"कापतील गं. दादाचं आठवतं ना?"

ह्यांच्या थोरल्या भावाला हीच शुगर. पायाचा अंगठा काळा पडला. आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग दादाच गेले. ह्यांनी पट्ट्या बदलल्या होत्या त्यांच्या. तेच माझ्याही मनात आलं होतं. लुंगी गुंडाळायला लावली आणि रिक्षात घातलं. प्रत्येक खड्ड्याला हे माझा दंड दाबायचे आणि मी रिक्षावाल्यावर ओरडायची.

दवाखान्यात डॉक्टर निघाली आमच्या धाकटीच्या वयाची. हे तिला बघून मागच्या पावली निघालेच होते. मी शर्ट धरला मागून.

तिने पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. माझ्या नजरेतून सुटलं नाही ते. "काका, हे कधीपासून?"

"कालपासून," मीच म्हणाले.

बारीक कात्रीने तिने आधी दोरा कापून काढला, बधिर करायचं मलम लावलं. काम करता करता सांगत होती: मागे घेतलेली कातडी वेळेवर पुढे आणली नाही की तिचं कडं आवळतं. रक्ताला परतीची वाट राहत नाही, म्हणून सूज. सूज वाढली की कडं आणखी आवळणार. तसंच राहू दिलं तर रक्त पोचायचंच थांबतं आणि मांस मरतं.

"मग कापायचं?" हे छताकडे बघत म्हणाले.

"आधी सूज दाबून उतरवू, मग कातडी हाताने पुढे आणू. नाहीच जमलं तर फक्त त्या कड्याला छोटी चीर."

"आणि काळं पडलं असेल तर?"

तिने हातमोजे नीट केले आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही बाहेर थांबता?"

ह्यांनी माझं मनगट पकडलं. "हिला राहू दे."

मग तिने ओला कपडा गुंडाळून मुठीत धरलं आणि दाबत राहिली. सोडायचं नाव नाही. ह्यांची नखं माझ्या मनगटात रुतत होती. देवा, ह्यांचं काही बरंवाईट होऊ देऊ नकोस, एवढं एकच मी घोकत होते. बऱ्याच वेळाने तिने मूठ सैल केली. "सूज उतरतेय. आता रंग कसा येतो ते बघू."

ह्यांनी डोळे गच्च मिटले. "तू बघ. दादाचा अंगठा मी बघितलाय, मला नाही बघवायचं."

इतक्या वर्षांचा संसार, पण दिवसाउजेडी असं मी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं. जांभळं होतं. जांभळंच होतं. मग कडेने जरासं निवळलं, आणि हळूहळू सगळीकडे.

"गुलाबी आहे हो."

"खोटं नको बोलूस."

"तुमची शपथ. डोळे उघडा, बघा स्वतः."

उघडले. बघितलं. आणि त्या पोरीसमोर, नर्ससमोर, सोनार ओक्साबोक्शी रडायला लागले. मीही.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही अंगठ्यांनी टोक आत दाबलं, बोटांनी कातडी पुढे ओढली. दोनदा हुकलं. नर्सला चिरेची तयारी ठेवायला सांगितली आणि तिसऱ्या खेपेला कातडी सरकन पुढे आली. हे जोरात ओरडले आणि मग एकदम शांत पडून राहिले.

लघवी झाल्याशिवाय तिने सोडलं नाही. निघताना सांगायला लागली, "काका, आता काही दिवस कातडी अजिबात मागे घ्यायची नाही. नंतर धुतल्यावर दर वेळी पुढे आणायचीच. शुगर सांभाळा. सूज गेली की छोटं ऑपरेशन करून टाकू, म्हणजे पुन्हा अडकायची भीती नाही."

हे खाली मान घालून लुंगी सावरत होते. "बाई," म्हणाले, "हे सगळं हिलाही सांगा. नीट सांगा. मी परत लपवलं तर हिला कळायला हवं."

मग तिने मला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि हे शेजारी बसून ऐकत राहिले.