सगळं गाव सिक्स बाय सिक्स

"काका, तुमच्या गावात एकालाही मोतीबिंदू नाही?"

सोमवारी सकाळी लातूरहून हा फोन आला तेव्हा मी लोह्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीत चहा पीत होतो. फोनवर अजय सर होते. सर म्हणजे आमच्या नेत्रशिबिरांचे कोऑर्डिनेटर. वयाने माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान, पण हुद्द्याने साहेब.

"शनिवारच्या कॅम्पचा रिपोर्ट समोर आहे," ते म्हणाले. "शंभराच्या वर माणसं तपासलीत. निम्मी साठीच्या पुढची. आणि सगळी सिक्स बाय सिक्स?"

"गाव निरोगी दिसतंय, सर," मी म्हणालो.

"काका, इतकं निरोगी गाव नसतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत ऑपरेशनची यादी द्या. शुक्रवारी व्हॅन येईल. त्यानंतर ती देगलूरकडच्या गावांसाठी जाणार, दोन महिने इकडे परत येत नाही."

आधी आम्ही कोण ते सांगतो. मिशनरी म्हटलं की लोकांना झगा घातलेला गोरा साहेब आठवतो. आम्ही अहिल्यानगरचे. मी साळवे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला नेत्रचिकित्सा अधिकारी. नाव भारदस्त आहे, पण मी डॉक्टर नाही. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा आणि मोतीबिंदू ओळखून रुग्ण सर्जनकडे पाठवायचा, हे काम मी चौतीस वर्षं केलं. बायको विमल, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, निवृत्त जोडप्यांना दीड वर्षासाठी सेवेला पाठवते. मुलांनी विचारलं, या वयात कशाला? विमल म्हणाली, घरी बसून तुमच्या बाबांचं तोंड किती बघायचं? त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

लोह्याचा दिनक्रम साधा होता. सकाळी प्रार्थना, मग स्कूटरवरून एखादं गाव. लोकांच्या घरी बसायचं, डोळ्यांत टाकायच्या थेंबांची आठवण करून द्यायची आणि चहा प्यायचा. इथे चहाला नाही म्हणता येत नाही. एका दिवसात माझे नऊ कप झालेले आहेत. सुट्टीच्या दिवशी फिरायला जायचं. एकदा कंधारचा किल्ला पाहिला. तिथे विमलने तिकीट खिडकीऐवजी बंद दाराशी उभं राहून बराच वेळ दोन तिकिटं मागितली. कॅम्पच्या गावाच्या वाटेवर एका ज्वारीच्या शेतात बुजगावणं होतं. विमल त्याला येता-जाता हात जोडायची. मी मनात म्हणायचो, बाईचा स्वभावच तसा, कुणालाही सोडत नाही.

आता कॅम्पची पद्धत. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर चार्ट लावतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यावर फक्त इंग्रजी ई असतो. कुठे त्याचं तोंड वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. ओळी खाली जाताना अक्षरं बारीक होतात. माणसाला सहा मीटरवर उभं करायचं, एक डोळा झाकायला सांगायचं आणि काठीने एकेक अक्षर दाखवायचं. त्याने हाताने दिशा दाखवायची. सगळ्यात खालची ओळ जमली की नजर सिक्स बाय सिक्स, म्हणजे चांगली. जमली नाही की तो माणूस आत माझ्याकडे, टॉर्चखाली. चार्टवर विमल होती. मी दिवसभर आत बसून चाळिशीचे चष्मे वाटत होतो. चार्टकडून एकही नापास माणूस आत आला नाही, तेव्हा मला वाटलं, इथली ज्वारी चांगली असावी. चौतीस वर्षांच्या अनुभवातून मी काढलेला हा निष्कर्ष.

सोमवारी दुपारी आम्ही त्याच गावात कोंडाबाईंच्या घरी गेलो. कोंडाबाई सत्तरीच्या. आयुष्यभर रोजाने खुरपायला गेलेल्या. उजवा डोळा फार वर्षांपूर्वी ज्वारीचं धाट लागून गेलेला. मदार सगळी डाव्यावर.

"जयभीम, साहेब! जयभीम, बाई! या, बसा," त्या म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या, "संगीता, चहा ठिव."

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली एक कागद पिठाच्या खळीने चिकटवला होता. आमचीच कॅम्पची चिठ्ठी. 'नजर ठीक' या छापील शब्दांखाली विमलने लाल पेनाने 'उत्तीर्ण. छान!' असं लिहून एक चांदणी काढली होती.

"मपलं सर्टिफिकेट," कोंडाबाई म्हणाल्या.

चहा त्यांनी स्वतः ओतला. कपाच्या आत बोट धरलं आणि बोटाला चटका बसला तेव्हा ओतणं थांबवलं. मी टॉर्च काढला. डाव्या डोळ्याची बाहुली ताकाच्या थेंबासारखी पांढरी होती. मोतीबिंदू पुरता पिकलेला. असा मोतीबिंदू फुगला की डोळ्यात दाब वाढतो आणि मग ऑपरेशन करूनही नजर येत नाही. इथे तर डोळाच एक. दोन महिने थांबणं मला परवडणारं वाटेना.

"कोंडाबाई, तुम्ही चार्ट कसा वाचलात?"

"कसा म्हंजी? बाईनं शिकविलं तसा. वर, उजवं, खाली, डावं, खाली, वर..." त्यांनी हातवारे करत तळापर्यंत अख्खा चार्ट म्हणून दाखवला. टाळीसकट. एकही चूक नाही.

मी विमलकडे पाहिलं. विमलने संगीताच्या बांगड्यांची चौकशी सुरू केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू लोकांना उत्तरं सांगितलीस?"

"सांगितली नाहीत. शिकवली. फरक आहे."

"विमल!"

"अहो, माणसं ओळीत नुसती उभी होती. म्हटलं, सराव करून घ्यावा. पहिल्या आजोबांचं चुकलं, ते इतके ओशाळले. मला बघवेना. मग टाळीवर बसवलं. शेवटी शेवटी तर गाव एका सुरात म्हणत होतं."

चाळीस वर्षं जिने वर्गात एकाही मुलाला मागे राहू दिलं नाही, तिला मी परीक्षा घ्यायला बसवलं होतं. चूक कुणाची? मी त्या वेळी अर्थातच तिचीच ठरवली. स्कूटरवर बसेपर्यंत बोलत होतो. ती मागे तोंड फिरवून बसली. बुजगावण्याला मात्र तिने हात जोडले.

मंगळवारी परत तपासणी. सगळ्या गावाला पाठ असलेला चार्ट मी भिंतीवर उलटा टांगला. मोठं अक्षर तळाला, बारीक वर. उजवीकडचं तोंड डावीकडे गेलं. गावात हाहाकार झाला.

"साहेब, शनवारी पास केलं अन् आता नापास कामून?"

"पेपर लई अवघड काढला, साहेब."

एक गृहस्थ तर भिंतीला पाठ करून आपला शनिवारचाच चार्ट म्हणून मोकळे झाले. संध्याकाळपर्यंत मोतीबिंदूचे एकतीस जण निघाले. कोंडाबाई आल्याच नाहीत.

बुधवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी. यादी पाठवायला संध्याकाळपर्यंतचा वेळ.

"मी पास झाले," कोंडाबाई अंगणात वाकळीवर बसून म्हणाल्या. "परत कामून बसू?"

"आत्या, साहेब सांगून राहिलेत तर ऐका की," संगीता म्हणाली.

"तू गप. माझी लेकरं शिकली, नातवंडं शिकली. घरात कागदाची थप्पी हाय. त्यात मपलं एक बी न्हवतं. सत्तर वर्सात एक भेटलं, तर तेबी काढून घ्यायला आले."

सरकारी नोकरीत रुग्ण घाबरतो, चिडतो, पळून जातो, हे सगळं मी पाहिलं होतं. पास झालोय म्हणून ऑपरेशन नको म्हणणारा रुग्ण पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हीच पंचाईत.

विमल उठली आणि त्यांच्याजवळ वाकळीवर जाऊन बसली.

"कोंडाबाई, तुमचं पाठांतर पक्कं आहे. पण ती परीक्षा खरी नव्हती. पेपर मीच फोडला. नापास कुणी असेल तर मी आहे. माझ्यामुळे तुमचा डोळा गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?" लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने चूक कबूल केल्याची ही माझ्या आठवणीतली दुसरी वेळ. पहिल्या वेळेबद्दल मला नक्की खात्री नाही.

कोंडाबाई म्हणाल्या, "मंग आधी तुम्ही बसा परीक्षेला. ह्या उलट्या पेपराला. तुम्ही बसल्या तर मी बसते."

"हात्तिच्या! लावा हो चार्ट," विमल मला म्हणाली. पदर खोचून ती पावलं मोजत सहा मीटरवर जाऊन उभी राहिली. मी अंगणातल्या खुंटीला चार्ट उलटा अडकवला. एक डोळा झाकून ती तयार झाली. मी मोठ्या अक्षरावर काठी ठेवली. तिने बरोबर सांगितलं. पुढची ओळ, बरोबर. तिसऱ्या ओळीत मी मधलंच अक्षर दाखवलं.

"उजवं," ती म्हणाली.

ते वर होतं.

"आता हे?"

"खाली... नाही, डावं. अहो, चार्ट पुसून लावा ना. धूळ बसलीय."

चार्ट मी सकाळीच पुसला होता. दुसरा डोळा झाकायला सांगितला. तो पहिल्यापेक्षा वाईट.

विमल नाक ओढत पदराने डोळे पुसून परत बघू लागली. दरवर्षी मी विमलचे डोळे तपासत आलो होतो. घरी स्वयंपाकघराच्या दारामागे चार्ट टांगलेला असायचा. ती पोळ्या लाटता लाटता तोच चार्ट तळापर्यंत म्हणायची आणि मी समाधानाने पेपर वाचायला जायचो. कंधारचं बंद दार मला आठवलं. ज्वारीतलं बुजगावणं आठवलं. शनिवारी सगळ्या गावाची परीक्षा घेणाऱ्या परीक्षकालाच फळा दिसत नव्हता.

"काय झालं?" कोंडाबाईंनी विचारलं. "बाई बराबर म्हनल्या का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग बाई बी नापास?"

"हो. तिसऱ्या ओळीत."

कोंडाबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मग चाचपडत उठल्या आणि विमलचा हात धरून म्हणाल्या, "रडू नका, बाई. तुम्ही माझ्या फुडं हाव. मला तर साहेबाची काठी बी दिसत न्हाई. मी मान्सं आवाजावर वळखते, अन् घरात कुनाला सांगत न्हाई. लिहा, साहेब, मपलं नाव. बाईचं बी लिहा. दोघी जाऊ."

संध्याकाळी मी यादी पाठवली. लगेच फोन.

"काका, शेवटचं नाव साळवे आहे. नात्यातल्या कुणी?"

"बायको."

"काका, पण तुम्ही तर..."

"हो. चौतीस वर्षं."

सर सज्जन. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त फोन ठेवायच्या आधी त्यांचं हसू मला ऐकू आलं.

शुक्रवारी दोघी व्हॅनमध्ये शेजारी बसून लातूरला गेल्या, सोबत संगीता आणि मी. अहमदपूरपर्यंत कोंडाबाई विमलला धीर देत होत्या, पुढे विमल त्यांना. ऑपरेशनला फार वेळ लागत नाही. गढूळ झालेली लेन्स काढतात आणि तिथे नवी बसवतात. मी बाहेर बाकावर बसलो होतो. हजारो माणसं अशा दारातून आत पाठवली, बाहेर किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. विमलसाठी प्रार्थना केली, आणि खरं सांगतो, कोंडाबाईंसाठी जास्त केली. विमलला दुसरा डोळा होता.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. कोंडाबाईंनी आधी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग संगीताचा चेहरा दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघत राहिल्या. "किती वाळलीस गं," म्हणाल्या. संगीता रडायला लागली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साळवे साहेब तुम्हीच का? आवाजावरून लई उंच वाटले होते."

विमलने पट्टी निघाल्यावर मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही रोज अशीच अर्धवट दाढी करता?"

व्हॅनने गावात सोडलं. तिथून लोह्याला येताना ज्वारीच्या शेताजवळ तिने स्कूटर थांबवायला लावली. बराच वेळ बघितलं.

"मी याला नमस्कार करत होते?"

"रोज."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं, तुझा स्वभाव आहे."



महिन्याने फेरतपासणीला कोंडाबाई एकट्या चालत शाळेत आल्या. चार्ट कुठल्या बाजूने लावलाय ते मी सांगितलं नाही. त्यांनी घाई न करता एकेक अक्षर बघितलं. दोनदा चुकल्या, आणि चुकल्यावर स्वतःच थांबल्या: "हे न्हाई दिसत, साहेब. अंदाजानं सांगत न्हाई." शेवटच्या दोन ओळी राहिल्या. विमलने लाल पेनाने 'उत्तीर्ण' लिहून दिलं. चांदणी आपणहून काढली नाही, ती कोंडाबाईंनी मागून घेतली. जुनी चिठ्ठी भिंतीवरून काढणार का, असं विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या. ते कॉपीचं, हे मपलं. दोन्ही दिसून राहिले."

तेव्हापासून कॅम्पमध्ये दर दहा माणसांनंतर चार्ट फिरवायचा नियम आम्ही केला. विमलला रांगेपासून लांब, औषधांच्या टेबलावर बसवतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही एकमेकांचे डोळे तपासतो. चार्ट ती लावते आणि कसा लावलाय ते सांगत नाही. गेल्या महिन्यात मी तिसऱ्या ओळीत अडकलो. चार्ट पुसून लाव म्हणालो.