बत्तीस जीबी आणि चार गाणी

आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मला एकच घोर होता. ही बाई चार तास एका जागी पडून कशी राहणार? डाव्या हातात सुया. हात जरा हलला की मशीन कोकलायचं, नर्स धावत यायची, आणि आई म्हणायची, आपण काहीच केलं नाही. मी आपला वॉर्डाबाहेर येरझारा घालायचो. मोबाईल देऊन पाहिला, तर एका हाताने चाळता चाळता तिने नागपूरच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. सुया बघून मावशी तिकडे रडायला लागली.

गाणी ऐकायला, न बघता चालवता येईल असा बटणांचा प्लेअर हवा होता. एम. पी. नगरच्या बाजारातली दुकानं पालथी घातली. जो तो मला सांगे, भैया, फोन में सब है. अरे, ते मला कळत नाही का! शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात मिळाला. रेकॉर्डिंगची सोय आणि बत्तीस जीबीचं कार्डसुद्धा.

आख्खा रविवार गाणी भरली. नाट्यगीतं, भावगीतं, अभंग. बाहेर सगळं शहर हिंदी, पण उंबऱ्याच्या आत फक्त मराठी, हा बाबांचा नियम. बरखेड्याच्या कंपनी क्वार्टरमध्ये आणि रिटायर झाल्यावरही तो त्यांनी पाळला, आणि ते गेल्यावर मी. म्हणून हिंदी गाणं एकही टाकलं नाही. कार्ड काठोकाठ भरलं तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पुढच्या आठवड्यातही मशीन कोकलतच होतं. आत जाऊन बघतो तर इअरफोन उशीखाली. माझं डोकंच फिरलं. आवाज कमी येतो का, चार्जिंग संपलं का, एकेक बटण पुन्हा समजावून सांगत सुटलो. तिने माझं सगळं होऊ दिलं.

मग म्हणाली, "ही सगळी तुझ्या बाबांची आवड आहे रे. मला कधी कुणी विचारलं?"

मी खाली मान घालून विचारलं, मग तुला काय आवडतं? ती थोडी लाजली. बाबा ड्यूटीवर गेले की समोरच्या क्वार्टरमधल्या भाभींकडे बायका जमायच्या. कुणाच्या घरी लग्न असलं की ढोलकीवर तिकडची हिंदी लग्नगीतं म्हणायच्या. ही पण जायची. मला पत्ताच नव्हता.

"चारच आहेत," ती म्हणाली. "त्यांना किती जागा लागते?"

बायकांच्या तोंडची ती गाणी कुठून आणणार? मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून प्लेअर तिच्यापुढे धरला. ती हळू आवाजात गायला लागली, उजव्या हाताने चादरीवर ठेका धरून. डावा हात अगदी स्थिर. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं. लाज वाटली मला, खरं सांगतो.

दुसऱ्या कडव्याला ती अडली.

"पुढचं भाभींना येतं. मुलगा तिथेच नोकरीला, त्यामुळे त्या अजून तिथेच राहतात. त्यांनाच घेऊन ये ना एकदा. मग हा प्लेअर नको मला."