पाहुण्याचा नंबर एकशेआठ

ब्लाऊजपीस कुणी मुद्दाम विकत आणत नाही, तरी प्रत्येक बाईच्या कपाटात त्यांची थप्पी असते. हळदीकुंकवाला गेलं की एक, वास्तुशांतीला गेलं की एक. आमच्या घरात किश्श्यांचं तसंच झालंय! आमचे हे छोट्या ऑफिसांत, हॉलमध्ये वायफाय बसवून देतात. मी घरी माझी व्रतं करते आणि ह्यांचे फोन उचलते. किस्से आपोआप येऊन पडतात.

*

सुरुवातीला एकदा ह्यांनी मला समजावलं, "हे बघ, वायफायला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला राउटर एक नंबर देतो. ठरलेली मुदत संपली आणि माणूस निघून गेलेला असला, की तोच नंबर दुसऱ्याला. कळलं?"

"कळलं की. पंगत!"

"कसली पंगत?"

"पानं मोजकी, माणसं जास्त. जेवून उठला की पान दुसऱ्याचं. आणि प्रिंटर, कॅमेरे म्हणजे घरचे. त्यांची पानं राखीव."

त्या दिवसापासून हे गिऱ्हाइकांनाही पंगतच सांगतात. वर म्हणतात, "हे माझं खास उदाहरण!"

*

बिडकीनच्या एका मंगल कार्यालयात ह्यांनी नंबरांची मुदत ठेवली आठवडाभराची. सकाळचं लग्न झोकात लागलं. संध्याकाळच्या वऱ्हाडाला मात्र वायफाय काही मिळेना! मॅनेजरचा फोन आला.

"ताई, सकाळची माणसं गेली, पण नंबर घेऊन गेली की हो!"

"कुठली होती?"

"पाचोडची. आता काय जीप करून मागायला जाऊ?"

ह्यांनी मुदत तासावर आणली. तरी पुढच्या लग्नात मॅनेजर माईकवरून म्हणालाच म्हणे, "पाहुण्यांनी जाताना आहेर न्यावा, नंबर इथंच ठेवावा!"

*

मग आलं रशीदभाईंच्या अभ्यासिकेचं काम. स्पर्धा परीक्षा देणारी शंभर पोरं-पोरी, इमारतीच्या तळघरात हॉल. रशीदभाई चहा पिता पिता स्पष्टच बोलले, "भाभी, चार महिने देखता मैं. कंप्लेंट नै आई तो बाकीचे दोन हॉल बी तुमचे. आली, तो खुदा हाफिज!"

एवढं मोठं काम ह्यांच्याकडं कधी आलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात सोळा सोमवार धरले. चार महिने, सोळा सोमवार. मेळ महादेवानंच घालून दिला!

कोणता नंबर कुणाला, ती वही मी लिहिते. प्रिंटरला मी दिला अकरा. तीन कॅमेऱ्यांना एकवीस, एक्कावन्न आणि एकशेएक. सगळे शुभ आकडे! एकशेआठपुढं लिहिलं, 'पाहुणा'. नैवेद्याच्या दिवशी अवचित येणाऱ्यासाठी मी एक पान जास्तीचं ठेवतेच, त्याच सवयीनं.

हे घाईत वहीप्रमाणं सगळं बसवून आले आणि मग कपाळावर हात मारला. "अगं, चार वस्तूंसाठी एकशेदहा पानं अडवलीस! पोरांची पंगत एकशेअकरापासून सुरू. दोनशेचोपन्नातली एकशेचव्वेचाळीसच उरली! आणि हा पाहुणा कोण?"

"येईल तेव्हा कळेल," मी म्हटलं.

*

सातव्या सोमवारी अभ्यासिकेच्या दारावरचा कॅमेरा बंद. मीही ह्यांच्यासोबत गेले, म्हटलं रशीदभाईंना प्रसाद द्यावा, राग निवेल.

सोयगावच्या कवितानं आपल्या लॅपटॉपला हातानंच एकवीस नंबर देऊन टाकला होता. म्हणजे एका पानावर दोघं! कॅमेरा उपाशी!

"कशाला टाकलास गं हा नंबर?" हे कडाडले.

"काका, एकवीस मला लई लकी हाय!"

ह्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

रशीदभाई हसत सुटले. "ये कंप्लेंट में नै गिनता, भाभी. ये तो अकीदत है, श्रद्धा!"

*

सोळावा सोमवार. चुरमा करून ठेवला होता, पूजा मांडत होते. साडेपाचला फोन वाजला. रशीदभाईंच्या टेबलावरच्या फोनवरून कविता बोलत होती, रडत.

"काकू, वायफाय मला नंबरच देत नाय! फॉर्मचा शेवटचा दिवस, सगळ्यांनी मोबाईल बी जोडलेत, लॅपटॉप बी. इथं तळघरात रेंज नाय आणि माझा लॅपटॉप प्लगशिवाय चालत नाय. सहाला फॉर्म बंद होतोय!"

मी मनात हिशेब मांडला. शंभर पोरं, दोनशे वस्तू, एकशेचव्वेचाळीस पानं. घोळ माझाच! ह्यांना फोन लावला, तर हे पडेगावला कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर आणि फोन खाली पिशवीत. महादेवा, सोळावाच सापडला का रे?

"काकू, माझा एकवीस बी तुम्हीच काढून घेतला!"

मी वही उघडली. "कविता, रडू नको. शेजारणीच्या लॅपटॉपमध्ये वायफायचे आकडे बघ आणि सगळं तसंच भर. फक्त तुझ्या नंबराचा शेवटचा आकडा टाक एकशेआठ."

तिकडं खटखट. मी समईकडं बघत उभी.

"लागलं, काकू! लागलं!"

सहाला पाच कमी असताना तिचा फॉर्म गेला.

दिवेलागणीला हे आले. मी सगळं सांगितलं. हे खुर्चीत बसले. "म्हणजे कंप्लेंट आलीच. शेवटच्या सोमवारी."

"देव बघेल," मी म्हटलं. आणि चुरम्याचे भाग करायला बसले.

तेवढ्यात दार वाजलं. रशीदभाई! चेहरा एकदम गंभीर. आत आले, बसले नाहीत.

"भाभी, कंप्लेंट है."

हे उठून उभे राहिले. माझ्या हातातली वाटी हातातच.

"मेरे बाकी दो हॉल में पाहुण्याचा नंबर कायकू नै रखे अब तक?"