कुजबुजदादांचा संगणक

पडदा वर जातो. रंगभूषेची खोली. आरशाभोवतीचे निम्मे दिवे गेलेले. कोपऱ्यात टोपांच्या पेटीवर एक म्हातारा संगणक घुरघुरतोय आणि त्याच्याशेजारी आमचे प्रॉम्प्टर राखण केल्यासारखे बसलेत. त्यांना सगळे कुजबुजदादा म्हणायचे. माझी निम्मी कारकीर्द त्यांनी विंगेतून पुरवलेल्या वाक्यांवर उभी आहे, तेव्हा मी त्यांच्याच बाजूची.

नाटकांच्या संहिता, तालमींच्या तारखा, सगळं दादांनी त्या संगणकावर बसवलं होतं. तेही कुणीही फुकट घ्यावा, आत डोकावावं, हवा तसा बदलावा, अशा प्रोग्रॅममध्ये. "आपली नाटकं आपल्याच खोलीत," असं ते ऐटीत सांगत.

मग त्यांचा धाकटा भाऊ आमच्या नाट्यसंस्थेचा व्यवस्थापक झाला. त्याचं सगळं मोबाइलवर, एका कंपनीच्या भाड्याच्या ॲपमध्ये. दोघांनी एकदम एकाच पानावर लिहिलं तरी गोंधळ नाही. नटमंडळी त्याच्याभोवती जमू लागली आणि इकडे दादांचा चहा गार होऊ लागला.

"दिसतं छान," दादा मला म्हणाले. "लहानपणी त्याचा भांगही असाच सरळ पडायचा. माझा कधी पडला नाही."

शेवटी अध्यक्षीणबाईंनी ठरवलं, आजच्या तालमीत दोन्ही वापरून बघू, जे बरं ते ठेवू. दादा इस्त्रीचा सदरा घालून आले.

दादांच्या संगणकावरून येणारी संहिता जरा रेंगाळली, पण सगळ्यांच्या मोबाइलवर उघडली. अंकभर टिकली. दादांच्या गालांवर मेकअपशिवाय रंग चढला. तेवढ्यात अंक संपला, आणि आमच्या दिवेवाल्यानं सवयीप्रमाणे अंधार केला. तालमीत तो एकेक दिवा मालवत बसत नाही, सरळ मेन स्विच पाडतो. संगणकाची घुरघुर थांबली. आमच्या मोबाइलवरची पानं विझली.

त्या काळोखात एकच चेहरा उजळलेला होता, धाकट्याचा. त्याच्या मोबाइलवरचं पान तसंच झळकत होतं. जन्मभर विंगेच्या अंधारात उभे राहिलेले दादा त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

दिवे आल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, जुन्या संहिता तुझ्याकडेच राहू देत. तुझ्याइतकं कोण सांभाळणार?" मनापासून म्हणाला, म्हणून जास्तच झोंबलं.

"मग रोजचं काम ह्याच्या ॲपवर," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "चालेल ना, दादा?"

दादांनी इस्त्रीच्या बाहीनं संगणकाची काच पुसली.

"चालेल की. फक्त त्याचं बंद पडलं की मला निरोप धाडा. मी जरा सावकाश येईन."