हा फोटो दौंडचा नव्हे

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून दौंड स्टेशनवर मनापासून प्रेम करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो शिरूरचाही नव्हता, दौंडचाही नव्हता. तो आफ्रिकेतला होता. आपण बाकीचे सगळे दौंडला जातो ते गाडी बदलायला. तिथला चहा पितो, नाक मुरडतो आणि गाडी हलली की सुटलो म्हणतो. आमचा भाडेकरू मात्र दर रविवारी सकाळी अंघोळ करून, कडक इस्त्रीची पँट आणि टाय घालून, देवदर्शनाला निघाल्यासारखा एस.टी.ने दौंडला जायचा. दिवसभर प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसून इंजिनं बघायचा आणि संध्याकाळी डोळ्यांत कोळशाचे कण आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान घेऊन परत यायचा.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर तो आमच्याकडे राहायला आला. तेव्हा घोडनदीच्या काठी इनामगावला जुन्या वस्तीचं खोदकाम चालू होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या या गृहस्थाकडे काम असं होतं, की खाली सापडणाऱ्या हजारो वर्षांपूर्वीच्या चुली नि कणग्या मोजायच्या, मग आजूबाजूच्या गावांतल्या आजच्या चुली नि कणग्या मोजायच्या आणि दोन्हींचा मेळ घालायचा. त्यासाठी त्याला शिरूरात खोली हवी होती आणि आमची माडी रिकामी होती. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. अकरा वर्षं मी पोरांना आफ्रिका खंड शिकवला होता, पण तो एक दिवस ट्रंक आणि वळकटी घेऊन माझाच जिना चढेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी, आपलं ज्ञान दाखवावं म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडे सिंह अगदी घरापर्यंत येत असतील, नाही?"

त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाला, "न्हाई. आमच्या गावात सिंह न्हाई. रेल्वे हाय."

त्याचं मराठी हे असं होतं. तो ते खड्ड्यात उतरून शिकला होता, इनामगावच्या मजुरांकडून. मी पुस्तकी मराठीत बोलायचो आणि सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस मला "व्हय, मास्तर" म्हणायचा. माझ्या बायकोला त्याने पहिल्याच दिवशी वहिनी करून टाकलं. तिने चहा आणि चपाती पुढे ठेवली, तर म्हणाला, "वहिनी, आमच्याकडंबी चहाच म्हंत्यात आन् चपातीच म्हंत्यात." बायकोने ही बातमी आळीत सांगितली. आळीचं मत पडलं की माणूस भिडस्त आहे, आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतोय.

खोटं बोलणं मात्र त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि हीच त्याची खरी अडचण होती. निमोण्याला, तळेगाव ढमढेऱ्याला, कुठल्याही वस्तीवर तो सायकलवरून टाय उडवत गेला की बायका चुलीभोवती जमायच्या. हा फूटपट्टीने चुलीचं तोंड मोजतोय, वहीत लिहितोय, आणि वरून प्रश्नांचा पाऊस: तुम्ही झाडावर राहता का, कपडे कधीपासून घालायला लागलात, माणूस खाल्लाय का कधी? जरा थाप मारली असती तर बायाबापड्या खूश झाल्या असत्या. पण हा गडी प्रत्येक प्रश्नाला परीक्षेतल्यासारखं पूर्ण उत्तर द्यायचा. झाडावर न्हाई, दोन खोल्यांचं क्वार्टर हाय, वर पत्रा हाय, उन्हाळ्यात तापतोय. एका म्हातारीने कंटाळून "कसला आफ्रिकावाला म्हनायचा ह्यो?" म्हणत चूल मोजू द्यायचंच थांबवलं. पोरं त्याच्या हाताला बोट लावून रंग निघतो का बघायची. तो खिशातला पांढरा रुमाल काढून त्यांच्या हाती द्यायचा. "पुसून बघा." पुसून झालं की रुमाल स्वतः उजेडात धरून निरखायचा आणि निकाल सांगायचा, "धूळ हाय. शिरूरची हाय."

दुसरं वेड वेळेचं. त्याचे वडील रेल्वेत. त्यामुळे घड्याळ ही वस्तू तो जेवणाआधी बघायचा आणि जेवणानंतरही. एस.टी. किती मिनिटं उशिरा आली हे तो एका चिठ्ठीवर लिहून कंट्रोलरला नम्रपणे नेऊन द्यायचा. कंट्रोलर पहिल्यांदा चिडला, मग हसायला लागला, आणि पुढे पुढे तर चिठ्ठी आली नाही तर "पाहुणं आजारी हाय का?" अशी चौकशी करायला लागला.

त्याच्या पाकिटात एक फोटो असे. ताबोरा हे त्याचं गाव, आणि हे ताबोऱ्याचं स्टेशन. लांबलचक प्लॅटफॉर्म, कौलारू छप्पर, पाण्याची टाकी, धूर सोडणारं इंजिन, गाठोडी घेतलेली माणसं. समुद्राकडून येणारी गाडी तिथे तुटते, अर्धी एका सरोवराकडे जाते आणि अर्धी दुसऱ्याकडे. दौंडला एक फाटा मनमाडला आणि एक सोलापूरला जातो, तसंच. "आमचं गाव म्हंजी दौंडच," असं तो दिवसातून दोनदा सांगायचा आणि पुराव्यादाखल फोटो काढायचा. पुरावा बघून लोक त्याच्याकडेच संशयाने बघायचे. सलूनवाला म्हणाला, "ह्यो दौंडचाच फोटू हाय की! मागच्या रविवारी काढला व्हय?" आमच्या हेडमास्तरांनी चष्मा लावून पाहिलं आणि "स्टेशन ओळखीचं वाटतंय" म्हणून परत दिला. फोटोत एक जिराफ असता तर सगळ्यांनी तो आफ्रिकेचा म्हणून डोळे झाकून मानला असता. मीही तो फोटो पन्नासदा पाहिला असेन आणि पन्नासदा "वा!" म्हणून परत केला असेन.

फोटो दौंडचा नाही हे ओळखणारा एकच माणूस भेटला, तो दौंडचाच. लोको शेडमधले एक वयस्कर फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एकदा मीही भाडेकरूबरोबर गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. मामांनी हात पुसून फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "ह्ये दौंड न्हाई. ही लाइन बारकी हाय. बारामतीच्या लाइनीवानी लई बारकी न्हाई, पर आपल्याहून बारकी. मीटर गेज." मग मान वर करून त्याला विचारलं, "इंजिनाला पानी कुठनं भरता? टाकी लई लांब दिसती."

आमचा भाडेकरू मामांच्या शेजारी टेकला. आणि मग जो बोलायला लागला तो थांबेना. पाणी, कोळसा नसल्यावर जाळायची लाकडं, वडलांची पाळी, सगळं. माझी परतीची एस.टी. चुकली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घड्याळ बघितलं नव्हतं. मामांच्या क्वार्टरमध्ये, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. निघताना मी मामांना म्हटलं, "तुम्हाला बरोबर सुचलं हो काय विचारायचं." मामा म्हणाले, "मास्तर, नोकरीला लागलो तवा मलाबी लोकं पयलं आडनाव इचारायची, आन् मंग दुसरं काय इचारायचीच न्हाईत. म्हनून म्या आधी कामाचं इचारतो." मी मान डोलावली. समजलं असं त्या वेळी मला वाटलं होतं.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. प्रमुख पाहुणा म्हणून मीच त्याचं नाव सुचवलं. तो इतका हरखला की त्या दिवशी जिना चढताना शीळ वाजवत होता. "माझं गाव" या विषयावर तो मराठीतून बोलणार होता. महिनाभर रोज संध्याकाळी माडीवर पुटपुटणं चालू असे. मी तपासून देतो म्हटलं तर कागद दाखवेना. म्हणाला, "न्हाई मास्तर. एकदम त्याच दिवशी ऐका. सगळ्यांच्या संगं." मागितलं इतकंच, की स्टेजवर एक फळा आणि रंगीत खडू. संमेलनाच्या दुपारी त्याने दोन तास खपून फळ्यावर अख्खं ताबोरा जंक्शन काढलं आणि त्यावर चादर टाकली.

स्वागताची जबाबदारी माझ्याकडे होती. पाहुण्याचा मान राखावा, त्याला परक्या मुलखात घरची आठवण यावी, या शुद्ध हेतूने मी आठवीच्या बारा पोरांचा नाच बसवला. तव्याची काजळी खोबरेल तेलात खलून अंगभर फासली, कमरेला लिंबाचा पाला, हातात बांबूचे भाले. मधोमध शाळेच्या भाताचं मोठं पातेलं, त्यात हॅट घातलेला एक साहेब बसवलेला, आणि भोवती आरोळ्या. बायको तालीम बघून म्हणाली, "अहो, भाऊजींना बरं वाटेल का हे?" मी तिला म्हणालो, "तुला काय कळतंय भूगोलातलं?"

हे वाक्य मी आजही अधूनमधून मनात ऐकतो.

नाच तुफान रंगला. दोन वेळा वन्समोअर झाला. पातेल्याला जागा हवी म्हणून कुणीतरी फळा मागे सरकवला होता. चादर पडली आणि तेलकट पोरं ये-जा करताना त्याला घासत होती. मी विंगेतून आमच्या भाडेकरूकडे बघत होतो. तो पहिल्या रांगेत टाय लावून ताठ बसला होता. इतर टाळ्या वाजवत तेव्हा तोही वाजवत होता. मग त्याचं नाव पुकारलं. तो स्टेजवर आला, फळ्याकडे गेला. ताबोरा जंक्शनवर पोरांच्या पाठींचे काळे पट्टे उठले होते, रूळ तेवढे दोन-चार बोटं शिल्लक होते. त्याने रुमाल काढून एक कोपरा पुसायचा प्रयत्न केला. तो आणखीच फिसकटला. मग त्याने खिशातले कागद काढले, न उघडता परत ठेवले आणि माइकजवळ आला.

"पोरांनी लई मेहनत घेतली," तो म्हणाला. "मी आभारी हाय. आमच्या गावात सिंह हायेत. लई सिंह हायेत."

मंडप टाळ्यांनी दणाणला. हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं, की या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं आहे आणि ते मी त्याच्याकडून वदवलं आहे. घरी येताना मी विचारलं, "कसं झालं?" तो म्हणाला, "टायमात संपलं." माफी मागायला एवढा रस्ता पुरेसा होता. मी थंडी किती पडलीय यावर बोललो.

होळीनंतर त्याचं काम आटोपलं आणि तो गेला. जाताना बायकोच्या पाया पडला, मला रंगीत खडूंची उरलेली पेटी दिली. पत्ता मागायचं मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही.

मे महिन्यात सोलापूरला बहिणीकडे जाताना दौंडला तीन तास होते. पाय आपोआप मामांच्या क्वार्टरकडे वळले. बुद्धाच्या तसबिरीशेजारी तो फोटो काच लावून टांगलेला होता. मामा म्हणाले, "तुमच्या शाळंच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी आला आन् म्हनला, मामा, मला एक भाषान करायचंय. हितं, ह्या खोलीत हुबा ऱ्हाऊन केलं. मी, आमची मंडळी आन् शेडमधलं दोन हेल्पर खलाशी. पाऊन तास बोलला बघा. कागुद वाचून न्हाई, तोंडपाठ."

"काय म्हणाला?"

मामांनी फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी, डोक्यावर टोपली घेतलेला एक अंधूक ठिपका होता. "ही त्याची आई. शेंगा इकती. त्याचा बाप गाडी तोडतो, आन् दोन्हींतली कुठली अर्धी गाडी आधी सुटनार त्ये आईला डोळ्यानं खुनावतो. मंग ती आधी तिकडं पळती. तेवढ्या शेंगांवर पोरगं शिकलं." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या घरी पाच म्हयनं ऱ्हायला न्हवं? सांगितलं न्हाई तुम्हाला?"

त्याने सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. मी सिंहांचं विचारलं होतं. हे मामांना सांगायची मला लाज वाटली. मी फोटोकडेच बघत राहिलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "शेंगा खारवलेल्या असतात की नुसत्या भाजलेल्या?"

मामांनी कपाळाला हात लावला. "त्ये इचारायचं ऱ्हायलं की वो!"

त्या जूनमध्ये मी नुसतं "स्टेशन, ताबोरा" एवढ्या पत्त्यावर त्याला पत्र टाकलं. माफीचे चार मसुदे फाडले आणि शेवटी तेवढा एकच प्रश्न लिहिला. उत्तर आलं नाही. अजूनही दौंडला गाडी थांबते, इंजिन तोडल्याचा धक्का डब्यात बसतो, आणि खिडकीखालून शेंगावाली ओरडत जाते. मी पुडी घेतो, एक शेंग फोडून चव बघतो, आणि या खारवलेल्या आहेत की साध्या, हे उगाचच लक्षात ठेवतो.