कुमुदच्या अंगणातली गौर

नलू, इकडे ये, अशी जवळ सरकून बस, आणि आधी माझी बोलणी खा. आई गेल्याला दोन महिने होत आले. तेरावं झालं आणि तू जी गेलीस ती या घराकडे फिरकली नाहीस. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. म्हणून आता इथल्या मराठी मंडळाच्या अंकातच लिहिते. तो तुला पोस्टाने येतो आणि तू अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचतेस, हे तुझ्या आईनेच, कुमुदनेच, मला सांगितलेलं. बाकीच्यांनीही खुशाल वाचावं. कलकत्त्यातल्या निम्म्या मराठी घरांत तिच्या हातचं मेतकूट जात होतं, तेव्हा ती काही तुझी एकटीची नव्हती.

वैशाखातली दुपार होती. आमच्या गल्लीत त्या वेळी ट्रामची घंटासुद्धा लांबून, पाण्याखालून आल्यासारखी येते. मी वर माझ्या खोलीत डोळा लागतोय न लागतोय अशी पडले होते. खालून घरमालकीण माशीमांची हाक आली. नुसतं माझं नाव, एकदाच... आणि मला कळलं. कुमुद अंगणाकडच्या पडवीत चटईवर कुशीवर निजली होती. एक हात गालाखाली. जेवण झाल्यावर रोज निजायची तशीच. तुझे अण्णा बँकेत होते. मी तिच्या केसांवरून हात फिरवत किती वेळ बसले, ते मला सांगता यायचं नाही.

ती इथे आली अडुसष्टच्या सुमाराला. अण्णांची बदली चिपळूणहून थेट कलकत्त्याला, तीन वर्षांसाठी म्हणून. सामानात एक औषधाची बाटली, तिच्यात राख, आणि राखेत तेरड्याचं बी. मी हसले होते. म्हटलं, "अगं, इथे ढीगभर मिळतो. दोपाटी म्हणतात त्याला." माझा जन्म इथलाच. आमच्याकडे गौरी बसायच्या त्या बाजारातून आणलेल्या दोपाटीच्या जुडीच्या, देठ कापलेल्या. भाद्रपदात मी मोठ्या प्रेमाने तिला एक जुडी नेऊन दिली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "ताई, हिला पाय कुठायत? मग ही चालत आली कशी?"

तिच्याकडे गौर म्हणजे फुललेलं अख्खं रोप, मुळांसकट काढलेलं. मुळं हेच तिचे पाय. एवढ्यासाठी ती वर्षभर खपायची. खपायची म्हणजे काय, तेरड्याला फारसं काही लागतच नाही. ज्येष्ठ सरता सरता बी वाळूत कालवून भुरभुरवायचं, वर चिमूटभर माती, पाण्याचा हलका हात. पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागतं. वीतभर अंतर ठेवून बाकीची रोपं काढायची. इथे पावसात अंगणात घोटाभर पाणी साचतं आणि तेरड्याचा देठ कुजतो, म्हणून ती रॉकेलचे जुने डबे विटांवर मांडून त्यांत लावायची. मग गुलाबी, पांढरी, जांभळी फुलं... दुपारी पडवीतून पाहिलं की डबे दिसायचेच नाहीत, रंग नुसते अधांतरी तरंगायचे. शेवटी बोंडं पिवळी पडली की ती खाली ओंजळ धरून बसायची. बोट लागताच बोंड फुटायचं, आणि ती दर वेळी दचकायची, दर वेळी हसायची.

पहिल्या वर्षी तिने फुललेलं रोप उपटलं तेव्हा माशीमा जिन्यावरूनच ओरडल्या, "ओ बौमा, भरल्या फुलांचं झाड कोणी उपटतं?" कुमुदला तेव्हा बंगाली येत नव्हतं, बौमा म्हणजे सूनबाई एवढंही नाही. मी मध्ये बसून समजावलं, की ही लेक आहे, तीन दिवस माहेरी येते, पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जेवते, तिसऱ्या दिवशी जाते. माशीमा जिना उतरून खाली आल्या. मग म्हणाल्या, "आमची उमा, दुर्गा गं, पूजेला बापाच्याच घरी येते की." त्या दिवसापासून डब्यांना पाणी त्याच घालायच्या आणि कुमुदने घातलं तर रागवायच्या.

नलू, पुढचं तुझंच आहे. तू सुबीरशी लग्न केलंस. मुलगा बंगाली, सोन्यासारखा, शाळेत शिकवणारा. पण अण्णा म्हणाले, या उंबऱ्याच्या आत ती नाही. त्या ज्येष्ठात कुमुदने चार डबे जास्त लावले. मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी करत राहतं, तसं असेल. गौरीच्या आदल्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "ताई, यंदा गौर कोण आणणार ते मी ठरवलंय."

तू सियालदह स्टेशनवर उतरून माशीमांच्या मागच्या दाराने अंगणात आलीस. कुमुदने रोप काढलं, मुळं नळाखाली धुतली, तबकात ठेवून तुझ्या हातात दिलं. गौर आणणारीने तोंडात पाण्याची गुळणी धरायची, बोलायचं नाही. म्हणजे अण्णांना तुला काही विचारता येईना आणि तुलाही काही सांगता येईना. दारात अण्णा पेपर घेऊन उभे. तुझे गाल फुगलेले आणि डोळ्यांतून धारा. कुमुद आतून इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जशी मीठच मागतेय, "गौर दारात ताटकळलीय. तांब्या तुमच्यापाशी आहे, तिच्या पायांवर पाणी घालायचंय."

आल्या गौरीला परत पाठवायची कुणाची छाती आहे? अण्णांनी पेपर खाली ठेवला. तांब्या उचलून कुमुदला दिला आणि बाजूला झाले. "गौर कशाच्या पावलांनी आली?" तिने विचारलं. तू बोलू शकत नव्हतीस, म्हणून मीच म्हटलं, "सोन्याच्या पावलांनी."

त्यानंतर दर भाद्रपदात तू तीन दिवस आलीस. अण्णा तुझ्याशी बोलायचे ते कुमुदच्या मार्फत. "तिला विचार, भात हवा का." तू समोर बसलेली असायचीस. आणि तिसऱ्या दिवशी तू गौरीबरोबर जायचीस. वर्षाचे तीन दिवस तिने तुझ्यासाठी असे मातीतून उगवून आणले. म्हणूनच तेराव्याला जिन्यात तू म्हणालीस, "काकू, आता मला कोण आणणार?"

आता ऐक. मागच्या महिन्यात अण्णा माझ्या दारात आले. हातात ती बाटली. "ताई, हे बी किती खोल पुरायचं?" मी खाली जाऊन बघते तर स्वारीने आधीच दोन डब्यांत दोन दोन पेरं बोट खुपसून बी गाडलं होतं. ते काही वर आलं नाही. रोज सकाळी चष्मा लावून वाकून बघायचे. मग मी वाळूत कालवायला शिकवलं, आणि पाचव्या दिवशी बँकेत निघालेला माणूस डबा हातात धरून जिना चढून मला दाखवायला आला. आता आठही डब्यांत रोपांची नुसती गर्दी झालीय. त्यांना म्हटलं, विरळणी करा, नाहीतर एकही धड वाढायचं नाही. दोनदा खाली बसले, दोनदा तसेच उठले. म्हणाले, "कुठलं काढू? हात होत नाही."

हे छापायला देऊ का, असं मी त्यांना विचारलं. वाकून एका डब्याला पाणी घातलं. मग म्हणाले, "द्या. आणि लिहा, भाद्रपद लांब आहे. तोवर थांबू नकोस म्हणावं." कुणाच्या मार्फत बोलायची सवय सुटायला वेळ लागेल, पण या खेपेला मधे मी आहे आणि मी काही गाळत नाही. सुबीरचं नाव त्यांनी स्वतःहून घेतलं. त्याला भात लागतो की पोळी, तेही विचारलं.

रविवारी ते घरीच असतात. अंक मिळेल त्या रविवारी या, दोघंही. रोपं दाटलीत, बाई, लवकर या.