कडेची अकरा सेकंदं

“कडेला उभी राहिलीस ना, तर कापली जाशील.”

कात्रीकाका हे बायकोला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात ऐकवायचे. कॅमेरा त्यांच्या खांद्यावर, दिवा तिच्या हातात. ती दिवा सांभाळत हळूहळू चित्रात शिरायची.

“कापा की,” ती म्हणायची. “तुमची कात्री तरी रिकामी का बसावी?”

आणि ते खरंच कापायचे. एचडी कॅमेऱ्याचं चित्र रुंद, लोकांच्या घरातले टीव्ही चौकोनी. पहिल्या वर्षी त्यांनी अख्खं चित्र डीव्हीडीवर उतरवून दिलं, तर वरखाली काळ्या पट्ट्या आल्या. “अर्ध्या टीव्हीची लाइट गेली होती का हो?” गिऱ्हाइकानं विचारलं. तेव्हापासून दोन्ही बाजू उडवायच्या, मधला चौकोन पडदाभर पसरायचा, डीव्हीडी द्यायची आणि महिन्याभरात मूळ एचडी पुसून पुढच्या कार्यक्रमाला जागा करायची, अशी सवयच पडली. दोनशेच्या वर कार्यक्रम झाले. त्या सगळ्यांच्या कडेला ती होती, आणि ती कड कुठेच उरली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती चार दिवसांत गेली. घरात तिचे फोटो होते. पण फोटोत ती मान वळवत नव्हती.

मग एकदा दुकानात एक शिक्षिका आल्या. आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची डीव्हीडी बघून बघून चरे पडून बंद झाली होती. वडील गेल्यापासून आईला रोज तीच लागायची, आणि जुना टीव्ही ती बदलू द्यायची नाही. त्यांच्या भाच्यानं तेव्हाच मूळ एचडी मागून घेतली होती, म्हणून वाचली. “पुन्हा तशीच करून द्या, काका.”

दुपारी काकांनी ती फाइल उघडली. केक, टाळ्या, खुर्चीत बसलेले म्हातारा-म्हातारी. आणि अगदी डाव्या कडेला, बारीक रेघांच्या स्वेटरमध्ये, ती. अकरा सेकंदं. मध्येच तिचा हात दिव्यापुढे गेला, चित्र अंधारलं आणि पाठोपाठ काकांचाच आवाज आला, “उजेड कुठे गेला? झोप लागली का?” ती हसली.

त्यांनी तो तुकडा आपल्यापाशी उतरवून घेतला. दिवे लागेपर्यंत बघितला. पण एकट्यानं किती बघणार? एकट्यानं बघितलेलं माणूस थोड्या वेळानं आपणच रचल्यासारखं वाटू लागतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेसमोर तिनं मान वळवायला हवी होती.

म्हणून या वेळी त्यांनी बाजू कापल्या नाहीत. बारीक रेघा जुन्या टीव्हीवर थरथरतात. एरवी ते त्या किंचित पुसट करून मगच डीव्हीडी काढायचे. स्वेटरच्या रेघा त्यांनी थरथरू दिल्या.

डीव्हीडी गिऱ्हाइकाच्याच टीव्हीवर लावून बघायची, हा त्यांचा शिरस्ता. शिक्षिकेच्या घरी लावली, आणि बायको दिसलीच नाही. दिसला फक्त दिवा आणि त्याच्यामागे कोपरभर स्वेटर. जुना टीव्ही चारी कडांचं बोटभर चित्र गिळतो, हे काका विसरून गेले होते. आजवर त्यांना फक्त मधल्याशी देणंघेणं होतं; कडेचं काय होतं, हे बघायची वेळच आली नव्हती.

“उद्या आणतो,” एवढंच म्हणून त्यांनी डिस्क काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते चित्र आणखी लहान करून घेऊन आले. आता चारी बाजूंनी काळं, आणि मध्ये पाकिटाएवढा कार्यक्रम.

“अहो काका, हे काय? टीव्हीत टीव्ही?” शिक्षिका म्हणाल्या. “आईला आधीच कमी दिसतं.”

“कडेचं जातं, ताई.”

“कडेला आहे कोण एवढं? ती दिवा धरणारी बाईच ना? जाऊ दे की! आमची माणसं मोठी दिसू देत.”

काकांनी रिमोट उचलला आणि चित्र तसंच चालू ठेवलं.

म्हातारी टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल ओढून बसली होती. चित्र अंधारलं तशी ती म्हणाली, “थांब गं. मागे घे.” काकांनी मागे घेतलं.

“हीच ती! माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दिवा टोचत होता, पण म्हटलं कशाला कुणाचा विरस करा. हिला न सांगता कळलं. तापलेल्या दिव्यापुढे हात धरला बघ पोरीनं. वर तो कॅमेरावाला मेला खेकसला तिच्यावर!”

“आई! ते हेच काका.”

“हो का?” म्हातारी मुळीच ओशाळली नाही. “मग बरं झालं, ऐकलंस ते. आणि हे आहे तसंच राहू दे हं. मी जवळ बसून बघीन. मागच्या डीव्हीडीत कुठे गेली होती रे ही? रोज शोधायची मी हिला.” मग ती स्टुलावरच वळली. “आज नाही का आणलंस तिला?”

पडद्यावर ती मान वळवत होती. स्वेटरच्या रेघा थरथरत होत्या.

काकांनी रिमोट म्हातारीच्या मांडीवर ठेवला. दारात चपला पायात सरकवल्या, आणि ते जिना उतरून गेले.